कानटोपीतले शिकारी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नागपूरच्या प्रत्येक लेआऊटमध्ये एक माणूस गच्चीवर येतो, उत्तरेकडे तोंड करतो, नाकानं दोनदा हवा ओढतो आणि खाली येऊन बायकोला सांगतो, "पेटी काढ." पेटी म्हणजे लोखंडी ट्रंक. तिच्यात डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात त्याचं खरं आयुष्य घडी करून ठेवलेलं असतं.

या माणसाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तो एकटा नाही. प्रतापनगरात एक आहे, महालात एक आहे, मानेवाड्याकडे तर दोघं समोरासमोर राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू. नोकरी बँकेत किंवा वीज मंडळात, मुलं पुण्याला, गुडघे जरा बोलायला लागलेले, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोक्यात एकच विषय. शिकार.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आली हे भाऊंना ठाऊक आहे. तेव्हा ते पाळण्यात होते, तरी तो कायदा आपल्यालाच डोळ्यांपुढे ठेवून केला अशी त्यांची समजूत आहे. पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपल्या विदर्भातलं मेळघाट निघालं, तेव्हा तर घराण्याचा उरलासुरला धंदाही बसला, असं ते सांगतात. बंदूक गेली ती गेली. पण शिकारीचा बाकीचा सगळा सरंजाम भाऊंनी जपून ठेवला आहे. पहाटेचं उठणं, पोशाख, बढाया, नेम हुकल्याची कारणं, आणि या सर्वांच्या वर थंडी. बंदुकीच्या काळात मर्दुमकीचे दोन भाग पडत, एक वाघासमोर आणि एक थंडीसमोर. आता वाघासमोरचा भाग सरकारजमा झाल्यामुळे सगळी मर्दुमकी थंडीवरच खर्च करावी लागते.

बोली मात्र शिकाऱ्याचीच राहिली आहे. पोह्यांच्या गाडीवर उभं राहून भाऊ मोठ्यानं सांगतात, "काल कोळाऱ्याले वाघीण मारली. मांगून तीन पिल्लंही मारले." शेजारी तर्री-पोहे खाणारा परगावचा माणूस चमचा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहतो. "किती लांबून?" असं कुणीतरी विचारतं. "लांबून कायले? चारशेनं मारली न बे." चारशे म्हणजे चारशे मिलिमीटरची लेन्स. हे परगावच्या माणसाला कोण सांगणार? तो पैसे देतो आणि मागं न बघता निघून जातो.

शिकारीचं रक्त घराण्यातच आहे याचा पुरावा दिवाणखान्यात टांगलेला आहे. तपकिरी पडलेला फोटो. मध्ये मेलेला वाघ, वाघावर पाय ठेवलेला गोरा साहेब, मागे हाकेकऱ्यांची रांग आणि रांगेच्या अगदी टोकाला, चौकटीनं अर्धा कापलेला, काखेत वही धरलेला एक गृहस्थ. ते भाऊंचे आबाजी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. नाताळच्या सुटीत साहेब लोक जंगलात तंबू ठोकत. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, ब्लॉकचा परवाना वनखात्याकडून घ्यावा लागे, आणि परवाना म्हटला की कारकून आलाच. आबाजी ते कारकून. त्यांनी किती वाघ मारले हा प्रश्न भाऊंच्या घरात विचारत नाहीत. त्यांच्या सहीनं मात्र बरेच मेले असावेत.

आबाजींचा वारसा म्हणजे एक ओव्हरकोट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या मालातला, गुडघ्याखाली जाणारा, पितळी बटणांचा. त्याचं वजन एका निरोगी बोकडाइतकं आहे. तो अंगात घालायला दोन माणसं लागतात आणि एकदा घातला की भाऊंना मान वळवता येत नाही, पूर्ण भाऊच वळवावे लागतात. डांबरगोळ्यांचा वास त्याच्यात इतका मुरला आहे, की चितळांचा धोक्याचा आवाज ऐकून आमचे गाईड जेव्हा जेव्हा "वाघ आहे" म्हणतात, तेव्हा तेव्हा मला आधी कोटाचा संशय येतो. चितळाला वास फार लांबून लागतो.

मात्र मचाणावरच्या थंडीबद्दल भाऊ बोलायला लागले की ऐकावं. तिथं ते खरं बोलतात, आबाजींकडून आलेलं बोलतात. रात्रभर फांद्यांच्या मचाणावर बसायचं, खाली रेडकू बांधलेलं. हलायचं नाही, खोकायचं नाही, विडी पेटवायची नाही, कूस बदलायची नाही, कारण वाळलेलं पान वाजलं तरी वाघ आल्या पावली परत. आणि माणूस हलला नाही की अंगात ऊब तयार होत नाही, स्नायू कामाला लागले तरच शेगडी पेटते. म्हणून जाणते शिकारी मचाणावर तणसाचा जाड थर घालत, कारण थंडी वरून येते त्याहून जास्त बुडाखालून येते. पायात सैल जोडा, अंगात लोकर, वर घोंगडी. साहेबाजवळ ब्रँडीची चपटी बाटली असे आणि पहाटे सर्वांत जास्त कुडकुडत तोच असे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, घोटभर बरं वाटतं आणि अंगातली ऊब बाहेरच्या बाहेर निघून जाते. हे सगळं भाऊंना तोंडपाठ आहे. सफारीच्या आदल्या रात्री "औषधाचे दोन चमचे" घेतल्यावर तर ते जास्तच चांगलं समजावून सांगतात.

नागपूरची थंडी ही काय चीज आहे हेही सांगायला हवं, नाहीतर पुण्यामुंबईचे वाचक हसतील. समुद्र फार दूर. हवा कोरडी. मे महिन्यात हेच भाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून भर दुपारी लग्नाला जातात आणि "एवढं काही तपून नाही राह्यलं" म्हणतात. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही ते हेच म्हणाले. पण त्याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला. त्या दिवसाची आठवण काढली की भाऊ डोळे मिटतात. "मी जंगलात होतो. तिथं दोनच होती." त्या दिवशी जंगलात होतो असं सांगणारे नागपूरकर एकत्र केले तर अख्ख्या ताडोब्याच्या जंगलात सफारीची जिप्सी लावायला जागा उरणार नाही.

थंडीचा डाव असा, की निरभ्र रात्री जमिनीतली ऊब आभाळाकडे निघून जाते आणि हे रात्रभर चालतं. त्यामुळे पारा तळाला जातो तो मध्यरात्री नव्हे, तर दिवस उगवायच्या सुमाराला. जंगलाचं गेट उघडतं तेही नेमकं तेव्हाच. त्यात थंड हवा जड, ती सखल भागात साचते. तळ्याकाठच्या कुरणात ती मांडी घालून बसलेली असते, सागबांबूच्या छपराखाली त्या मानानं बरं. जिप्सी बांबूतून उघड्यावर आली की गालांना आपोआप कळतं. आणि वर जिप्सी उघडी. अंगाभोवती उबदार हवेचं पातळ आवरण असतं, तेवढं वारा ओरबाडून नेतो. थर्मामीटर आठ म्हणत असला तरी नाक आठ म्हणत नाही.

या डावावर भाऊंचा प्रतिडाव म्हणजे कपडे. बनियन, त्यावर ऑनलाइन मागवलेलं थर्मल, त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर वहिनींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विणलेलं हाफ स्वेटर, त्यावर तिबेटी लोकांकडून घेतलेलं फुल स्वेटर. हे तिबेटी आमचे शेजारीच. ज्या १९७२ साली भाऊंची बंदूक गेली, त्याच वर्षी नवेगावच्या जंगलाजवळ गोठणगावला त्यांची वसाहत उभी राहिली. भाऊ दरवर्षी तिबेटी दुकानात जाऊन "अस्सल हिमालयाची लोकर" मागतात आणि दुकानदार शांतपणे लुधियानाचं स्वेटर दाखवतो. त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. त्यावर हिरव्या-काळ्या ठिपक्यांचं जर्किन, गर्द पावसाळी जंगलात लपता यावं असं. जानेवारीत आमचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं असतं, त्यात भाऊ मैलावरून दिसतात. आणि सर्वांवर आबाजी.

इथंच गफलत आहे. ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. भाऊंच्या थरांमध्ये हवेला शिरायला जागाच नाही, सगळं चापून बसवलेलं. पायात तीन मोजे आणि बूट नेहमीच्याच मापाचा, म्हणजे पायांना रक्त पोचण्याची वाट बंद. सुती मोजे घाम पितात आणि ओले होऊन गार पडतात. मी एकदा म्हणालो, "भाऊ, एक मोजा काढा, पाय गरम राहतील." त्यांनी माझ्याकडे अतीव करुणेनं पाहिलं. "अबे, एक मोजा काढून कोणाले गरमी झाली आजवर?"

पहाटे तीनला निघायचं. उमरेड रोड, पुढे भिवापूर, चिमूर आणि ताडोब्याचं कोळारा गेट. गाडीत हीटर चालू, काचा बंद, भाऊ संपूर्ण पोशाखात. उमरेड येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम. भिवापूरला चहासाठी उतरलो की तोच घाम गार होतो आणि शिकार सुरू होण्याआधीच शिकारी दात वाजवत शेकोटीशी उभा राहतो. शेकोटीकडे पाठ, हातात काचेचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरलेला. आबाजींच्या कोटातून आधी वाफ निघते, मग धूर. चहावाला म्हणतो, "भाऊ, जळून राह्यले तुम्ही." भाऊ म्हणतात, "जळू दे. बरं वाटून राह्यलं."

तीन चहा होतात. हे तीन चहा लक्षात ठेवा.

गेटवर मूळ ओळखपत्र तपासतात. आता कोळारा-मोहर्लीकडे गावातल्या बायकाही गाईड झाल्या आहेत, आमच्या वाट्याला अशाच एक ताई आल्या. अंगात खात्याचा गणवेश, आत एक स्वेटर, डोक्याला स्कार्फ, बस्स. त्यांनी आधार कार्ड हातात घेतलं आणि भाऊंकडे पाहिलं. कानटोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत, मध्ये चष्मा, चष्म्यावर वाफ.

"दादा, तोंड दाखवा."

"मीच आहो न."

"टोपी वर करा जरा."

"ताई, टोपी वर केली का थंडी आत जाते. मंग ते दिवसभर निंगत नाही."

मागं जिप्स्यांची रांग लागली होती. ताईंनी कार्ड वहिनींपुढे धरलं आणि विचारलं, "हे तुमचेच का?" वहिनींनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "कोट तर आमचाच आहे."

वहिनींबद्दल दोन शब्द. त्यांच्याकडे थंडीची काहीही तयारी नसते. एक शाल, आणि शालीखाली मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. छातीशी स्वेटरच्या आत कालचा पेपर. आमच्या पिढीच्या बापांनी लुना-लॅम्ब्रेटावर असेच हिवाळे काढले, पेपर वारा अडवतो आणि फुकट असतो. भाऊंना हे शिकारीच्या इतमामाला शोभत नाही. "वाघापुढे पेपर घालून जायचं का?"

जिप्सी आत शिरली आणि अर्ध्या तासात ते तीन चहा बोलायला लागले. थंडीत कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, शरीराला वाटतं पाणी फार झालं आणि मूत्रपिंडं जोमानं कामाला लागतात. चहा नसता तरी हे झालंच असतं. जंगलात जिप्सीतून खाली उतरता येत नाही. भाऊंचं बोलणं हळूहळू थांबलं. तंबाखूचा खर्राही बंद, कारण थुंकणार कुठं? मचाणावरच्या आबाजींच्या साहेबांचं काय होत असेल, हा इतिहासात कुठंही न नोंदलेला प्रश्न त्या वेळी आम्हा दोघांच्याही मनात आला असावा. पुढच्या कुटीशी सोय आहे असं ताई म्हणाल्या, तेव्हा भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कुटीशी पोचल्यावर खरी कसोटी होती. पितळी बटणं, जर्किनची चेन, जाकिटाची बटणं, थर्मलची नाडी आणि बोटांत हातमोजे. ते बराच वेळ आत होते. मधूनच आतून आबाजींच्या नावानं काहीतरी ऐकू येत होतं.

आणि अर्थातच वाघ त्यानंतर लगेच दिसला. हिवाळ्यात पहाटे गवत दवानं ओलं असतं आणि वाघाला ओल्या गवतातून चालायला आवडत नाही, असं जाणते सांगतात. तो सरळ रस्त्यानं येतो. तसाच आला. मोठा नर, तोंडातून वाफ निघत होती, चालण्यात कसलीही घाई नाही. अंगावर एकच कोट, तोही बारमाही. ताईंनी नुसतं बोट केलं. वहिनींनी शाल जरा खाली केली आणि पाहत राहिल्या.

भाऊ उठले. म्हणजे कोट उठला, मागोमाग भाऊ उठले. क्यामेरा डोळ्याला लावला तर मफलरमधून आलेल्या श्वासानं काच धुरकटलेली. ती पुसली तर चष्म्यावर वाफ. चष्मा काढला तर वाघ नाही, नुसता रस्ता. चष्मा पुन्हा लावला. उजवा हातमोजा दातांनी ओढला, तो निम्मा निघाला आणि लेन्सपुढं लोंबत राहिला. तरी भाऊंनी घोडा ओढला. खटाखट, खटाखट. वाघ आमच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून बांबूत शिरला.

ते फोटो मी पाहिले आहेत. हातमोज्याचा एकेक टाका मोजून घ्यावा इतका स्पष्ट आलाय. मागं काहीतरी पिवळं आहे. "हे पिवळं दिसून राह्यलं न," भाऊ बोट ठेवून सांगतात, "हेच ते."

भाऊंची गंमत मी करतो आहे, पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं नोंदवतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्स्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना रस्त्यावर दोन्हीकडून अडवून धरलं. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा भाऊंनी पोह्यांच्या गाडीवर आवाज चढवला. "याले हाका म्हणते बे. आबाजीच्या टायमाले ढोल घेऊन करे, आता पेट्रोल जाळून करते." शिकारीची भाषा बोलणाऱ्या माणसालाच ते पहिल्यांदा ओळखू आलं. क्यामेरे हातात धरून शुद्ध निसर्गप्रेमाच्या गोष्टी करणारे आमचे बाकीचे मित्र वाघिणीच्या वयाची चर्चा करत होते.

साडेनऊनंतर उन्हाचा जोर वाढतो आणि शिकारीचा खरा शोकान्त सुरू होतो. आधी आबाजी उतरतात, मग जर्किन, मग जाकीट. दुपारी पारा अठ्ठावीसला जाणार असतो. जिप्सीच्या कठड्यावर एकेक कपडा वाळत पडतो. गेटमधून बाहेर पडताना भाऊ थर्मलमध्ये असतात आणि आत सोडलेला माणूस हाच का याची ताईंना खात्री पटत नाही. रिसॉर्टवर उन्हात बसून संत्री सोलताना ते पहिल्यांदा माणसासारखे दिसतात. तेवढ्यात चिमूरकडचं कुणीतरी विचारतं, "थंडी होती का जी आत?" आणि भाऊ संत्र्याची फोड हातात तशीच धरून सरळ होतात. "थंडी? अजी, दोन होती. दोन!"

वहिनींना मी विचारलं, वाघ कसा वाटला. "डाव्या कानाला जखम आहे त्याच्या," त्या म्हणाल्या, "माशी बसत होती. मान झटकत होता." भाऊंच्या एकाही फोटोत तो कान नाही.

तुम्हाला हिवाळ्यात ताडोब्याला जायचं असेल तर भाऊंचा सल्ला जरूर घ्या, कपड्यांचा सोडून. बुकिंग कसं करावं, कुठल्या गेटला कोणता रस्ता, सगळं त्यांना ठाऊक आहे आणि ते मनापासून सांगतात. फक्त मंगळवारी फोन करू नका. मंगळवारी ताडोब्याचा गाभा बंद असतो, भाऊ घरी असतात, आणि २०१८ चा डिसेंबर सुरुवातीपासून ऐकावा लागतो.